झेडएक्स स्पेक्ट्रमवर गेम कसा लोड करावा, तोही कॅसेटच्याच वेगाने

झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचे गेम आज एका क्लिकवर सुरू होतात. माझा आग्रह असा, की निदान पहिला गेम तरी तसा सुरू करू नका. चार-पाच मिनिटं टेपचा कर्कश आवाज ऐकत, पडद्यावर चित्र कसं उमटतं ते बघत थांबा. या यंत्राची ओळख तिथूनच होते.

ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने ते एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलं. १६ केबी मेमरीचं १२५ पौंडांना, ४८ केबीचं १७५ पौंडांना. आत ३.५ मेगाहर्ट्‌झवर चालणारा झेड८०ए प्रोसेसर, वर रबरी बटणांचा कीबोर्ड. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवणीसाठी साधा कॅसेट रेकॉर्डर. घरातल्याच वस्तूंवर भागत असल्यामुळे मध्यमवर्गीय घरांना ते परवडलं. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला सुरुवात केली होती.

आधी तयारी

यंत्र नसेल तर 'फ्यूज' हा मोफत एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्या. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर तो चालतो. एफ९ दाबून ४८ केबीचं मॉडेल निवडा. मग ऑप्शन्समध्ये मीडियाच्या पानावर जाऊन ऑटो-लोड, फास्टलोडिंग आणि टेप ट्रॅप्स या तिन्ही खुणा काढा. त्या तशाच राहिल्या तर एम्युलेटर टेपचा भाग गाळून थेट गेम उघडतो. लोडिंगचा आवाज मात्र चालू ठेवा.

गेमची फाइल 'टॅप' किंवा 'टीझेडएक्स' प्रकारची घ्या, कारण त्या फाइलमध्ये कॅसेटची नक्कल असते. खूप जुन्या गेमवर अजून कोणाचा तरी हक्क आहे, म्हणून मालकांनी वाटायला परवानगी दिलेलेच निवडा. स्पेक्ट्रमसाठी नवे गेम लिहून मोफत देणारे लोक आजही आहेत.

लोड

यंत्र सुरू झाल्यावर खाली सिंक्लेअरची १९८२ ची ओळ दिसते. कोणतीही अक्षरं टाइप करायला जाऊ नका. फक्त 'जे' दाबा. पडद्यावर अख्खा 'लोड' शब्द येईल! स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रत्येक आज्ञेला स्वतःचं बटण आहे. 'पी' म्हणजे प्रिंट, 'जी' म्हणजे गो टू. सुरुवातीला हात चुकतो, पण अर्ध्या तासात सवय होते.

आता सिम्बॉल शिफ्ट धरून 'पी' दोनदा दाबा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं येतील. फ्यूजमध्ये सिम्बॉल शिफ्टचं काम कंट्रोल बटण करतं. मग एंटर. एफ७ ने टेपची फाइल उघडा आणि एफ८ ने टेप चालू करा.

आता पडद्याच्या कडेकडे बघा. लांबलचक एकसुरी शिट्टी वाजते आणि कडेला लाल-आकाशी जाड पट्टे सरकतात. ही पुढची माहिती येण्याआधीची वर्दी. शिट्टी फुटून खरखर सुरू झाली आणि पट्टे निळे-पिवळे, बारीक झाले, की माहिती आत येते आहे असं समजा.

बऱ्याच गेममध्ये आधी चित्र येतं. ते वरून खाली सरळ उतरत नाही. पडद्याचे तीन भाग एकामागून एक भरतात, आणि प्रत्येक भागात सात-सात ओळी सोडून रेघा पडत जातात, कारण पडद्याची मेमरीच तशी मांडलेली आहे. काळी-पांढरी आकृती पूर्ण झाली की शेवटी रंग चढतात. सगळे मिळून ६,९१२ बाइट्स, साधारण ४० सेकंद. मला हा क्षण गेमइतकाच आवडतो.

खेळताना

पहिला गेम म्हणून मी 'मॅनिक मायनर' सुचवेन. मॅथ्यू स्मिथ या मुलाने तो किशोरवयात लिहिला आणि १९८३ मध्ये बग-बाइट या कंपनीने काढला. वीस गुहा, तीन जीव. 'क्यू'ने डावीकडे, 'डब्ल्यू'ने उजवीकडे, सर्वांत खालच्या रांगेतल्या कुठल्याही बटणाने उडी. चमकणाऱ्या किल्ल्या गोळा करून दारापाशी पोहोचायचं, तेही हवा संपण्याआधी. उडी मारल्यावर हवेत दिशा बदलता येत नाही, आणि उंचावरून पडलात तर जीव जातो. म्हणून आधी थांबा आणि शत्रूची ये-जा मोजा. त्याची वाट ठरलेली असते.

काही गेममध्ये आकृत्या एकमेकींजवळ आल्या की रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतील. तो बिघाड नाही. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत विभागलेला आहे आणि एका चौकोनात दोनच रंग बसतात. १९८४ च्या 'नाइट लोअर'ने प्रत्येक खोली जवळपास एकरंगी ठेवून ही अडचण टाळली, आणि त्या काळात थक्क करणारा त्रिमितीचा भास उभा केला. दुसरा गेम तोच घ्या.

खरं यंत्र हाती असेल तर

आधी अडॅप्टर तपासा. त्याच्या पिनचा मधला भाग ऋण असतो. आजचे बहुतेक ९ व्होल्टचे अडॅप्टर नेमके उलटे असतात, आणि ते जोडले तर यंत्राचं नुकसान होऊ शकतं. जुने कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घेतलेले बरे. रेकॉर्डरच्या इअरफोनची तार यंत्राच्या 'इअर' खाचेत घाला आणि 'माइक'ची तार काढून ठेवा. आवाज पाऊणच्या आसपास ठेवून सुरुवात करा. 'टेप लोडिंग एरर' आली तर आवाज थोडा कमी-जास्त करून पुन्हा पहिल्यापासून. तरीही जमत नसेल तर रेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसा. कॅसेट एकदा नीट लोड झाली, की त्याच दिवशी रेकॉर्डर संगणकाला जोडून तिचा आवाज फाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण चाळीस वर्षांची टेप पुढच्या वेळी चालेलच असं नाही.