रॉटवायलर घ्यायचाय? आधी पाच वर्षांचा कुत्रा बघून या

आमची अंजिराची बाग सासवडच्या पलीकडे, वस्तीपासून लांब आहे. २०१६ मध्ये एका रविवारी सकाळी फोनवर फोटो पाहिला आणि संध्याकाळी रॉटवायलरचं पिल्लू माझ्या मांडीवर होतं. त्याचं नाव भैरू. वर्षाचा झाल्यावर पळताना तो मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखे. आम्हाला ते लाडिक वाटायचं. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ आहेत, सांधा नीट बसतच नाही. हिप डिस्प्लेसिया. पाचव्या वर्षी त्याला ओट्याची एक पायरी चढवेना, आणि आम्हाला त्याला डॉक्टरांच्या हातून निरोप द्यावा लागला. त्याच्या आईबापाचे खुबे कसे होते, हे मी विकणाऱ्याला विचारलंच नव्हतं.

आता आमच्याकडे गौरा आहे. २०२२ मध्ये आली, अकरा महिने चौकशी करून. त्या अकरा महिन्यांत जे केलं तेच इथे लिहितेय.

पहिले चार महिने मी एकही पिल्लू बघितलं नाही. पिल्लू बघितलं की निर्णय झालाच म्हणून समजा. त्याऐवजी ज्यांच्याकडे चार-पाच वर्षांचा रॉटवायलर आहे अशी घरं शोधली. ती सापडतात जनावरांच्या डॉक्टरांमार्फत; मी तिघा डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. सात घरं झाली. शक्यतो मे महिन्यात, भर दुपारी जा. काळा अंगरखा, पन्नास किलोंचा देह आणि आपला उन्हाळा, यांचं नातं तिथे दिसतं. एका बंगल्यात कुत्रा दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पडून होता आणि घरातले त्याला ओलांडून आंघोळीला जात होते. त्या बाईंनी मला सरळ सांगितलं, "मार्च ते जून याला सकाळी सहाच्या आत फिरवायचं, नाहीतर रात्री नऊनंतर. पाहुणे असोत, लग्न असो."

प्रत्येक घरी मी एक प्रश्न न चुकता विचारला: याच्यामुळे तुमचं काय काय बंद झालं? उत्तरं वहीत आहेत. गावाला जाणं बंद. भाड्याचं घर मिळणं बंद. एकाने सांगितलं, धाकटा भाऊ बायकोमुलांसह यायचा, तो यायचा थांबला. हे ऐकूनही हवासा वाटला तर पुढे चला.

या जातीचा इतिहास वाचा, कारण तो अजून कुत्र्याच्या अंगात आहे. नैर्ऋत्य जर्मनीतलं रॉटवाइल हे गुरांच्या बाजाराचं जुनं गाव. तिथल्या खाटकांचे हे कुत्रे गुरं हाकायचे, मांसाच्या गाड्या ओढायचे. रेल्वे आली, गुरं पायी न्यायचं काम संपलं आणि जात जवळपास नाहीशी झाली. १९१० मध्ये पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाल्यावर ती सावरली. गुरं हाकणारा कुत्रा अंगाने रेटतो. गौरासुद्धा प्रेमाने पायाला रेलते आणि बेचाळीस किलोंनी ढकलते. माझ्या सासूबाई एक्याऐंशीच्या आहेत. त्यामुळे "मागे" आणि "थांब" हे दोन शब्द तिला घरात मोकळं सोडण्याआधी पक्के केले. तुमच्या घरात म्हातारं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर हे काम रोज कोण करणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. "सगळे मिळून करू" म्हणजे कुणीच करत नाही.

आता विकणाऱ्यांची भाषा. "हेवी बोन", "डबल बोन", "चॅम्पियन ब्लडलाइन", "किंग साइज" हे शब्द तुम्हाला पहिल्याच फोनवर ऐकू येतील. जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकात नराची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर आणि वजन साधारण ५० किलो आहे, मादीची ५६ ते ६३ आणि साधारण ४२ किलो. त्याहून अवजड म्हणजे त्याच सांध्यांवर जास्त ओझं. रंग एकच: काळा, त्यावर तांबूस खुणा. "दुर्मिळ निळा" किंवा "लाल" म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर तिथून निघा.

"विथ पेपर" या शब्दाने माझी एकदा फसगत झाली म्हणून हे नीट सांगते. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. त्यावरून तब्येत कळत नाही. भैरूलाही कागद होता. तुम्हाला हवेत ते आई आणि बाप, दोघांचे खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे, आणि त्या फिल्मवर तारीख व कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपचा नंबर. स्कॅनरने ती चिप वाचून दाखवा, असं फोनवरच सांगा. युरोपीय पद्धतीत खुब्यांना ए ते ई अशी श्रेणी देतात, ए सगळ्यात चांगली. आपल्याकडे अनेकांकडे श्रेणीचा कागद नसतो, पण फिल्म असेल तर ती तुमच्या डॉक्टरांना दाखवता येते. मी ज्यांना फोन केले त्या चौदांपैकी अकरा जणांनी "आमच्याकडे असला प्रॉब्लेमच येत नाही" एवढंच उत्तर दिलं. ती अकरा नावं मी वहीत तिथेच खोडली.

आईला प्रत्यक्ष बघा, तिच्या पिल्लांसकट. ती अनोळखी माणसाला बघून कोपऱ्यात दबते का, की अंगावर येते, की हुंगून बाजूला होते, हे पिल्लाच्या डोळ्यांपेक्षा जास्त सांगतं. तिच्या आधीच्या वेतातलं एखादं कुत्रं आता कुठे आहे ते विचारा आणि त्या घरी जा. आजी-आजोबा कशाने गेले तेही विचारा. या जातीत हाडांचा कॅन्सर आढळतो आणि आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचं.

नियम दोन लक्षात ठेवा. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार पिल्लं विकण्यासाठी जोपासणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पस्तीस दिवसांचं पिल्लू "आत्ताच न्या, लळा लागतो" म्हणून हातात देत असतील तर घेऊ नका. दुसरं, मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं होतं आणि त्यात रॉटवायलर होता. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केलं. तरी तुमच्या महापालिकेचा परवाना आणि स्थानिक नियम पिल्लू आणण्याआधी स्वतः जाऊन विचारा.

डॉक्टरही आधी शोधा. खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडू शकतो, तेव्हा हातात मोजके तास असतात. मी रात्री एक वाजता घरातून निघून पुण्यातल्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यापर्यंत गाडी चालवून पाहिली. दिवेघाट उतरून पन्नास मिनिटं लागली. त्याच डॉक्टरांनी कॅल्शियमबद्दल बजावलं. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या पिल्लाबरोबर कॅल्शियमची बाटली देतात. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या शरीराला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाद्य द्या, वजन आटोक्यात ठेवा, बाटली परत करा. भैरूला मी सात महिने ती पाजली होती.

शेवटी ज्यांच्याकडून गौरा घेतली त्यांच्याकडे मी चार खेपा केल्या. पहिल्या खेपेला प्रश्न त्यांनीच विचारले: कुंपण किती फुटांचं, रात्री कुत्री कुठे झोपणार, साखळीला बांधणार का, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. मी भैरूचं सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि गौराच्या आईबापाच्या फिल्म आणून खिडकीच्या काचेला लावल्या, वाट्या बोटाने दाखवल्या. पुढे कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्री त्यांच्याकडेच परत आणायची, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलं. त्या कागदावर सही करून मी गौराला उचललं.