काळं कापड १५ सेंटिमीटर जास्त दूर का दिसत होतं

लेझरचा प्रकाश वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर मोजायला मी टीडीसी ७२०० ही वेळ मोजणारी चिप वापरली. ती ५५ पिकोसेकंदांपर्यंत वेळ ओळखते, म्हणजे प्रकाशाचं जाणं-येणं धरून अंतरात जेमतेम ८ मिलिमीटर. तरी ५ मीटरवरचा पांढरा पुठ्ठा बरोबर यायचा आणि त्याच जागी काळं कापड टांगलं की आकडा १५ सेंटिमीटरनी वाढायचा. कुठेतरी पूर्ण एक नॅनोसेकंद जादा लागत होता.

आठवडाभर घड्याळावर संशय घेतला, क्रिस्टलही बदलला. फरक शून्य.

शेवटी पुठ्ठ्यावरून आणि कापडावरून परत आलेले दोन्ही पल्स ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) एकावर एक ठेवले. सुरुवात एकाच क्षणी, पण काळ्याचा पल्स बुटका, म्हणून कंपॅरेटरची (सिग्नल ठरलेल्या पातळीवर गेला की इशारा देणारा भाग) पातळी तो उशिरा गाठत होता.

मग सिग्नलचे दोन भाग केले. एक दोन रेझिस्टरनी निम्म्यावर आणला, दुसरा ६० सेंटिमीटर कोअ‍ॅक्स केबलमधून सुमारे ३ नॅनोसेकंद उशिरा सोडला. दोघे एकमेकांना छेदतात तो क्षण पल्सच्या उंचीवर अवलंबून नसतो, म्हणून पल्स आल्याची वेळ तीच धरली. पण पल्स नसताना नुसत्या नॉइजवर खोटे ट्रिगर येऊ लागले, त्यामुळे जुना कंपॅरेटर फक्त परवानगी द्यायला ठेवला: सिग्नल त्याच्या पातळीवर गेला तरच ट्रिगर धरायचा. (हे विसरू नका, माझे दोन दिवस त्यात गेले.)

आता काळ्या-पांढऱ्यातला फरक २ सेंटिमीटरच्या आत आहे.