घोरताना मधेच श्वास थांबत होता, असं सुटलं (माझा अनुभव)
नवरा उताणा झोपला की जोरात घोरायचा, मधेच श्वास बंद, मग गुदमरल्यासारखा दचकायचा, आणि दिवसा बसल्या बसल्या डुलक्या. नाकाच्या पट्ट्या, वाफ, उंच उशी, कशाचाच उपयोग नाही. माझा जीव रात्रभर टांगणीला. मग आधी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला, तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवला, त्यांनी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास, ऑक्सिजन मोजणारी तपासणी) करायला लावली, एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा कमी होतो तो आकडा) 30 च्या वर आला म्हणजे गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा आजार; एएचआय 5 च्या खाली नॉर्मल), आणि सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) सुरू झालं, प्रेशर डॉक्टरांनीच ठरवलं. मास्कचे पट्टे मात्र आडवं पडून, मशीन चालू ठेवूनच जुळवा, बसून बांधले की कूस बदलताना हवा गळते. तोंड कोरडं पडायचं ते ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग) लावल्यावर थांबलं. आता घोरणं बंद, पण मशीन रोज लावावंच लागतं.