कुत्र्याला ग्रुप क्लासला नेताय? या चुका टाळा

ग्रुप क्लासची पहिली पंधरा मिनिटं नीट बघितली की कोण शिकून जाणार आणि कुणाची फी पाण्यात जाणार, याचा अंदाज येतो. त्यासाठी कुत्र्याकडे बघायचंच नसतं. लीश धरलेल्या हाताकडे बघायचं.

पुण्या-मुंबईकडे असे क्लास बहुधा रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, एखाद्या भाड्याच्या मैदानावर भरतात. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारा लॅब्रेडोर, वास काढत मालकाला फरफटत नेणारा बीगल, बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा शित्झू आणि माणसं बघून गाडीखाली शिरणारा आपला गावठी इंडी, असा सगळा गोतावळा. तक्रारीही त्याच: भुंकतो, ओढतो, चपला फाडतो, हाक मारली की येत नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टी ग्रुपमध्ये खरंच सुटतात. फसतं ते बहुतेक वेळा माणसांच्या बाजूने.

भुंकणाऱ्या कुत्र्याला ‘सवय होईल’ म्हणून गर्दीत ढकलणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दुसरा कुत्रा दिसला की आपला अंगावर जातो, म्हणून त्याला दहा कुत्र्यांच्या मधोमध आणून उभा करायचा. त्याने सवय लागत नाही, धास्ती पक्की होते.

प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. दुसरा कुत्रा त्याच्या बाहेर असेल तोवर आपला बघतो, कान टवकारतो, पण आपलं ऐकतो. त्या अंतराच्या आत आला की संपलं, मग कितीही ओरडा. हे अंतर ओळखायला यंत्र लागत नाही. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकापाशी धरा. एरवी बोटासकट खाणारा कुत्रा जर त्याचा वासही घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ उभे आहात. मागे सरका, तो खाईल इतकं मागे.

आता क्रम सांभाळा. आधी त्याला समोरचा कुत्रा दिसू दे, मग लगेच चिकन. उलटं केलं, म्हणजे आधी चिकन दाखवून मग कुत्रा समोर आणला, तर काही कुत्रे चिकनलाच दचकायला लागतात. क्रम बरोबर असेल तर काही दिवसांनी तो समोरच्या कुत्र्याकडे बघतो आणि लगेच वळून तुमच्याकडे बघतो, ‘माझा खाऊ?’ असा. तो वळून बघण्याचा क्षण आला की दोन पावलं पुढे जायला हरकत नाही. एका रविवारात चार पावलं पुढे गेलात तरी पुष्कळ झालं.

यात आड येतो तो माणसांचा मान. एक काका त्यांच्या जर्मन शेफर्डला घेऊन पार टू-व्हीलर पार्किंगपाशी उभे होते आणि वैतागले होते, ‘आम्ही काय फी कमी भरली का?’ ट्रेनर म्हणाली, ‘काका, तिथून तो शिकतोय. इथे आणलात तर नुसता भुंकेल.’ काका तासभर तिथेच थांबले, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त काम त्यांच्याच कुत्र्याचं झालं.

गुरगुरलं म्हणून फटका मारणं ही याचीच पुढची पायरी. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ असा इशारा. तो मारून बंद पाडलात तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. मग पुढे लोक म्हणतात, ‘काही न करता एकदम चावला हो!’ काट्यांच्या गळपट्ट्याचंही तेच: दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते, एवढाच हिशेब कुत्रा मांडतो.

आणि तो ‘अल्फा’! कळपाचा बॉस व्हा, कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरा, हे अजून ऐकू येतं. हे सारं रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, बंदिवासातल्या लांडग्यांच्या अभ्यासावर उभं आहे. ज्यांच्या लिखाणातून ती कल्पना घरोघरी पोचली, ते लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी पुढे स्वतःच ती खोडून काढली. जंगलातला लांडग्यांचा कळप बहुतेकदा म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं. ‘अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेवियर’ या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारलेलं शिक्षणच सगळ्या कुत्र्यांसाठी सुचवलं आहे, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा. पहिल्याच दिवशी कुणी कुत्र्याला उताणं पाडताना दिसलं तर उरलेली फी मागून घ्या.

सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवणं

पिल्लाचा जग ओळखायचा कोवळा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. आपल्याकडे रेबीजची लसच पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. तोवर पिल्लू फ्लॅटच्या चार भिंतींत राहिलं तर रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टचं दार, सगळंच त्याला भूत वाटतं. वर उल्लेखलेल्या संघटनेचं २००८ पासूनचं म्हणणं असं की लसींचा निदान पहिला संच झाल्यावर सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही क्लासला जाऊ शकतं.

पण आपल्याकडे पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा संसर्गजन्य आजार, बेक्कार आहे, तेव्हा हे वाचून उद्याच मैदानावर पळू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा. पिल्लांचा क्लास धुतलेल्या फरशीवर, भटकी कुत्री फिरत नाहीत अशा जागी हवा आणि दारातच प्रत्येकाचं लसीकरण कार्ड तपासलं गेलं पाहिजे. कार्ड न बघता आत घेणाऱ्या क्लासला पिल्लू नेऊ नका. दरम्यान कडेवर घेऊन चौकापर्यंत फेरी मारायला कुणाची ना नाही.

घरात माणसं चार, हुकूम चार

मैदानावर शहाण्यासारखा बसणारा कुत्रा घरी ऐकत नाही, ही तक्रार आली की आधी घरच्यांना एकेक करून बसवून दाखवायला सांगावं. मुलगी म्हणते ‘सिट’. बाबा म्हणतात ‘बस’. आई ‘ए, खाली बस बघू’. आणि ‘डाउन’ हा शब्द आडवं होण्यासाठीही आणि सोफ्यावरून उतरण्यासाठीही. कुत्रा बिचारा शब्द ऐकतच नसतो, तो हाताकडे बघून बसत असतो. खात्री करायची असेल तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन सांगून बघा.

उपाय: पाच शब्द ठरवा, कागदावर लिहा, फ्रीजवर लावा. कामाला येणाऱ्या मावशींनाही दाखवा.

मग येतात आजी. जेवताना पानाजवळ बसलेल्या कुत्र्याला चतकोर पोळीचा तुकडा हळूच सरकवणाऱ्या. घरातले सगळे त्यांना ओरडतात, मग त्या कुणी बघत नसताना देतात. म्हणजे कधी मिळतो, कधी नाही. कुत्र्याच्या दृष्टीने ही लॉटरी, आणि लॉटरीचं तिकीट माणूसही सोडत नाही. रोज ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा असा अधूनमधून मिळणारा तुकडा सवय जास्त घट्ट करतो.

आजींशी भांडू नका, हरणार तुम्हीच. त्यांना कामाला लावा. कोपऱ्यात एक चटई टाका आणि सांगा, ‘आजी, द्यायचं तर खुशाल द्या, पण तो चटईवर बसलेला असेल तेव्हाच, आणि तुकडा चटईवरच टाका.’ आजी दिवसभर घरी असतात, त्यांना घाई नसते, आणि एकदा पटलं की त्या नियम मोडत नाहीत. ट्रेनरला याहून चांगला मदतनीस मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी हार मानणं

‘उडी मारली की पाठ फिरवा सांगितलंत, आता तर जास्तच मारतो!’ बरोबर आहे. आजवर चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झाली की कुत्रा आधी ती दुप्पट जोरात करून बघतो. नेमक्या त्या वेळी कंटाळून ‘बरं बाबा’ म्हणत कुरवाळलंत, की तो शिकतो: नेट लावायचा. मग ये रे माझ्या मागल्या.

नुसतं दुर्लक्षही पुरत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. बेल वाजली की चटईवर जायचं, हे शिकवायला खऱ्या पाहुण्यांची वाट बघू नका. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात लावा, चटईकडे न्या, खाऊ द्या. आवाज हळूहळू वाढवा.

बारीकसारीक, पण तास वाया घालवणारं

बटण दाबलं की लांबत जाणारी लीश क्लासला आणू नका. साधी पाच-सहा फुटी आणा. पोट भरून आणू नका. मारी बिस्किटावर मैदानात कुणी काम करत नाही. चिकन किंवा पनीर, तेही करंगळीच्या नखाएवढे तुकडे. मनुका, चॉकलेट, कांदा असलेलं काही अजिबात नको, ते विषारी आहे. माजावर आलेली मादी असेल तर घरीच ठेवा आणि ट्रेनरला कळवा. लीशवर असताना नाकाला नाक लावून ‘हॅलो’ करायला लावू नका. आणि हाक मारून बोलावलंत ते फक्त घरी निघण्यासाठीच, असं होऊ देऊ नका. मधूनमधून बोलवा, खाऊ द्या, परत खेळायला सोडा.

ग्रुपमध्ये जे सुटत नाही ते तिथे नेणं

तुम्ही बाहेर पडलात की दार ओरबाडणारा, लाळ गाळत रडणारा कुत्रा मैदानावर तुमच्यासोबत ठणठणीत असतो. तिथे शिकवणार काय? जेवणाच्या भांड्यापाशी गुरगुरणारा आणि आधी कुणाला चावलेला, यांच्यासाठीही आधी घरी येऊन त्या एकट्या कुत्र्यावर काम करणारा जाणकार हवा. बॉस कोण ते दाखवायला भांडं काढून घेण्याचा खेळ तर बंदच करा, त्याने भांडं राखत गुरगुरणं वाढतं.

शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर क्लासच्या आधी दवाखाना. कानातला संसर्ग, गोचीडताप, लॅब्रेडोरचे दुखणारे खुबे, यातलं काहीही ‘वाईट वर्तन’ म्हणून समोर येतं. फटाक्यांची आणि ढोल-ताशांची भीती घालवायला लोक दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन करतात. ते काम दिवाळी संपल्यावर, पुढच्या वर्षासाठी सुरू करायचं असतं. फारच थरथरत असेल तर या वर्षापुरतं औषध डॉक्टरांकडूनच घ्या, मनाने काही देऊ नका.

उरला गृहपाठ. मैदानावर बसायला शिकलेला कुत्रा ‘मैदानावर बसायचं’ एवढंच शिकलेला असतो. तेच स्वयंपाकघरात, जिन्यात, पार्किंगमध्ये, गेटवर पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, दिवसातून दोन-तीनदा, पाचेक मिनिटं. लिफ्टसाठी शेजाऱ्यांची मदत घ्या: आधी विचारून ठेवा आणि त्यांना सांगा की त्याचे चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लावायचा.