इमॅक्स स्रोतापासून बांधताना फायली शोधण्याचे मूळ मार्ग कसे ठरवावेत

ग्नू इमॅक्सचा गाभा सी भाषेत लिहिलेला असला, तरी संपादक म्हणून आपण जे काही वापरतो त्यातला बराच मोठा भाग इमॅक्स लिस्पच्या फायलींत असतो. त्या फायली कोठे शोधायच्या हे प्रोग्रामला सुरू होतानाच ठाऊक असावे लागते, म्हणून संकलनाच्या (स्रोतापासून चालणारा प्रोग्राम बनवण्याच्या) वेळीच मूळ मार्ग त्यात कायमचे नोंदवले जातात. लिनक्स वितरणाबरोबर तयार मिळणारा इमॅक्स वापरणाऱ्याला याचा विचार करावा लागत नाही. पण स्रोत उतरवून तो /ऑप्ट मध्ये, किंवा रूटचे (यंत्राच्या प्रशासकाचे) अधिकार नसल्यामुळे स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवायचा असेल, तर हे मार्ग येतात कोठून हे आधी पाहून घ्यावे. खाली आज्ञा आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

स्रोताच्या एसआरसी डिरेक्टरीत इपाथ्स.इन नावाची एक छोटी फाइल असते. तीत पाथ_लोडसर्च (इमॅक्सच्या स्वतःच्या लिस्प फायली), पाथ_साइटलोडसर्च (त्या यंत्रावर सर्वांसाठी ठेवलेल्या जादा लिस्प फायली), पाथ_एक्झेक (सहायक प्रोग्राम), पाथ_डेटा, पाथ_इन्फो असे मॅक्रो (सी कोडमध्ये ज्यांच्या जागी ठरलेले मूल्य घातले जाते अशी नावे) दिलेले असतात. ही फाइल म्हणजे केवळ साचा आहे. बांधणीची पूर्वतयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवली की त्या साच्यात प्रत्यक्ष मार्ग भरून इपाथ्स.एच तयार होते आणि सी कोड तीच वाचतो. त्यामुळे इपाथ्स.एच हाताने बदलण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या वेळी कॉन्फिगर चालवताच तो बदल पुसला जातो. साच्यात हात घालणेही बहुधा अनावश्यकच असते. जे सांगायचे ते कॉन्फिगरला सांगावे.

सर्वांत महत्त्वाचा पर्याय --प्रीफिक्स हा आहे. तो दिला नाही तर /यूएसआर/लोकल गृहीत धरले जाते, आणि लिस्प फायलींचा मार्ग त्याखालील शेअर/इमॅक्स/<आवृत्ती>/लिस्प असा ठरतो. --प्रीफिक्स=/ऑप्ट/इमॅक्स असे दिल्यास बाकीचे मार्गही आपोआप त्या डिरेक्टरीखाली जातात. सामायिक लिस्प फायली वेगळ्या ठिकाणी असतील, तर --एनेबल-लोकललिस्पपाथ या पर्यायाला त्या डिरेक्टऱ्या द्याव्यात. एकाहून अधिक असल्यास युनिक्सवर त्यांच्यामध्ये अपूर्णविराम घालावा. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी: मेक इन्स्टॉल (मेकने बांधलेल्या फायली जागेवर बसवणारी आज्ञा) करताना दिलेले डेस्टडिर फक्त फायली कोठे नकलायच्या ते बदलते, आत नोंदवलेले मार्ग बदलत नाही. पॅकेज बांधणाऱ्यांसाठीच ती सोय आहे, कायमची जागा ठरवण्यासाठी नव्हे.

कॉन्फिगर संपल्यावर लगेच मेक न करता इपाथ्स.एच उघडून पाहावी. पाथ_लोडसर्चपुढे अपेक्षित मार्ग अवतरणचिन्हांत दिसला की निर्धास्तपणे मेक आणि मेक इन्स्टॉल करावे. दोन मिनिटांच्या या तपासणीने सबंध संकलन पुन्हा करण्याचा ताप वाचतो.

आता शोधाच्या क्रमाविषयी, कारण खरी गुंतागुंत तेथेच होते. इमॅक्स लोड-पाथ या यादीतील डिरेक्टऱ्या पहिल्यापासून क्रमाने पाहतो आणि त्या नावाची फाइल ज्या डिरेक्टरीत आधी सापडेल, तेथील घेतो. या यादीत साइट-लिस्प डिरेक्टऱ्या (वर सांगितलेल्या सामायिक फायलींच्या) इमॅक्सच्या स्वतःच्या लिस्प डिरेक्टरीच्या आधी येतात. हे मुद्दाम केलेले आहे, म्हणजे एखाद्या घटकाची सुधारित प्रत ठेवता येते. पण काही वर्षांपूर्वी कोणी तेथे ऑर्गची (टिपणे आणि कामांच्या याद्यांसाठीच्या घटकाची) जुनी प्रत ठेवली असेल, तर इमॅक्सबरोबर आलेली नवी प्रत मुकाट्याने झाकली जाते आणि मग येणाऱ्या त्रुटींचा काहीच थांग लागत नाही. अशा वेळी एम-एक्स (बहुधा ऑल्ट आणि एक्स एकत्र) दाबून लिस्ट-लोड-पाथ-शॅडोज ही आज्ञा द्यावी. कोणती फाइल कोणत्या फाइलीला झाकते आहे याची यादी समोर येते. एकाच फाइलीपुरती शंका असेल तर लोकेट-लायब्ररी पुरेशी आहे. साइट-लिस्पवरच संशय असेल तर --नो-साइट-लिस्प देऊन इमॅक्स सुरू करून पाहावा. -क्यू (मोठ्या रोमन अक्षरातला, छोट्या नव्हे) या पर्यायातही ते अंतर्भूत आहे.

पडताळणी बसवलेल्या प्रतीवरच करावी. बांधणीच्या डिरेक्टरीतून थेट चालवलेला एसआरसी/इमॅक्स आपण कोठून चाललो आहोत हे ओळखतो आणि स्रोतातीलच लिस्प फायली वापरतो, त्यामुळे तेथे सारे सुरळीत दिसले तरी बसवलेल्या प्रतीबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बसवलेला इमॅक्स उघडून सी-एच व्ही (कंट्रोल आणि एच एकत्र, मग व्ही) दाबावे, लोड-पाथ असे लिहावे आणि यादी वाचावी.

बांधलेली डिरेक्टरी नंतर दुसरीकडे हलवल्यास सिंपल ही फाइल सापडत नसल्याची सूचना सुरुवातीलाच येऊ शकते. तात्पुरता उपाय म्हणून इमॅक्सलोडपाथ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल वापरता येते, पण ते दिले की मूळ यादी बाजूला सारली जाते. मूळ यादीही हवी असेल तर मध्ये एक रिकामा घटक सोडावा, म्हणजे मूल्याच्या आरंभी किंवा शेवटी अपूर्णविराम ठेवावा. त्या जागी मूळ यादी भरली जाते. हे व्हेरिएबल शेलच्या प्रोफाइलमध्ये कायमचे ठेवू नये, अन्यथा त्याच यंत्रावरचा दुसऱ्या आवृत्तीचा इमॅक्सही त्याच फायली उचलेल. हलवलेल्या प्रतीसाठी नव्या --प्रीफिक्ससह पुन्हा बांधणी करणेच योग्य.

फक्त स्वतःच्या चार फायलींसाठी मात्र यांपैकी कशाचीच गरज नाही. त्यांची वेगळी डिरेक्टरी करून इनिट.ईएल या सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या स्वतःच्या फाइलीत ॲड-टू-लिस्टने ती लोड-पाथला जोडावी. .इमॅक्स.डी ही इमॅक्सच्या वैयक्तिक मांडणीची डिरेक्टरी स्वतः मात्र त्या यादीत घालू नये. इमॅक्स तशी ताकीदही देतो.