जोडलेली अरबी अक्षरं वाचायची कशी, खास मराठी मिडियमवाल्यांसाठी

पुण्यात कोंढव्यात आमच्याकडे मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर, शिकायला येणारी बरीच पोरं मराठी नाहीतर इंग्लिश मिडियमची, घरात उर्दू बोलतात पण वाचता येत नाही, त्यामुळे सुटी अक्षरं म्हणजे मुफरदात पटापट म्हणतात आणि नूरानी कायद्यात, म्हणजे अरबी वाचायच्या पहिल्या पुस्तकात, मुरक्कबातचं म्हणजे जोडलेल्या अक्षरांचं पान आलं की अडकतात. कारण एकच, अक्षर पुढच्याला जोडलं की त्याची शेपूट गळते, उरतं डोकं आणि नुक्ते म्हणजे टिंबं. तेव्हा शेपटीवरून ओळखायची सवय आधी सोडा.

अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा, वाव ही सहा आधी पाठ करा. ही उजवीकडच्या अक्षराला जोडतात पण डावीकडच्याला कधीच जोडत नाहीत, म्हणून शब्दाच्या मधेच फट दिसते आणि नवशिक्याला वाटतं शब्द संपला.

आता कुरआनच्या पहिल्या सूरहमधला, म्हणजे सूरह फातिहातला 'नस्तईन' समोर घ्या आणि उजवीकडून बोट ठेवत चला. पहिला दात, म्हणजे ओळीवर उभं राहिलेलं छोटं टोक, वर एक नुक्ता, तो नून. मग तीन दात बिननुक्त्याचे, तो सीन. परत एक दात, वर दोन नुक्ते, ता. असे सलग पाच दात होतात आणि बहुतेकजण इथेच घसरतात. पुढे ऐन, मधे आला की त्याचं तोंड मिटलेलं असतं, मग दाताखाली दोन नुक्ते म्हणजे या, शेवटी पूर्ण पोटाचा नून. आधी नुसती नावं घ्या, नून सीन ता ऐन या नून, जबर-जेर-पेश म्हणजे स्वरांच्या खुणा नंतर. कायद्यातपण मुरक्कबातला 'लाम अलिफ' असंच म्हणायचं, 'ला' नाही. घाई करू नका खरंच, हे पान पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

मधला फा आणि मधला गैन नीट बघून घ्या, दोघांवर एकेकच नुक्ता, पण फाचं डोकं गोल आणि गैनचं वरून चपटं.

आवाजाचं म्हणाल तर जोडल्याने मखरज म्हणजे आवाज निघायची जागा बदलत नाही, ऐन एकटा असो की मधे, घशाच्या मधूनच येणार. देवनागरीत 'नस्तईन' लिहिलं की तो ऐन गायबच होतो, म्हणून मोबाईलवरचं देवनागरी बघून पाठ करू नका प्लीज. आपल्या 'जरा'मधला ज ज़ाच्या जवळचा आहे, पण त्यात जीभ क्षणभर चिकटते, ज़ामध्ये चिकटवायची नाही, मधमाशीसारखा आवाज चालू राहिला पाहिजे. 'फळ'मधला फ आपण दोन्ही ओठ मिटून म्हणतो, अरबी फाला वरच्या पुढच्या दातांची टोकं खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला लावा.

'अर्रहमान'मध्ये लाम लिहिलेला दिसतो पण वाचायचा नाही, रा दाबून वाचायचा. ज्यांच्या आधीचा लाम असा वाचत नाहीत अशी 14 अक्षरं आहेत, पण ती मुरक्कबात पक्कं झाल्यावर घ्या.

आणि रोजचा सबक म्हणजे धडा कुणालातरी ऐकवा. ऐन आणि बडी हा (ح) आपल्याच कानाला बरोबर वाटतात, ऐकणारा लगेच पकडतो. कॅम्प, भवानी पेठ, कोंढवा, जिथे राहता तिथल्या मशिदीत मकतबची म्हणजे शिकवणीच्या वर्गाची वेळ विचारा, मोठ्या माणसांनीपण लाजू नका.