लेसन स्टडी करताय? मग या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पहिल्यांदा लेसन स्टडी (शिक्षकांनी मिळून आखलेला पाठ एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं कशी शिकतात ते बघायचं) झाली तेव्हा पाठ एकदम झक्कास झाला होता. रंगीत खडू, पाठ्यघटकाचा तक्ता, मुलं पटापट हात वर करतायत, मागे बसलेले शिक्षक माना डोलावतायत. फक्त एक गडबड होती, पाठ घेणाऱ्या बाईंनी तोच पाठ आदल्या दिवशी त्याच मुलांकडून एकदा करून घेतला होता. त्या बाई म्हणजे मीच.

आता कशाला लपवा, डीएडला सराव पाठ आणि आदर्श पाठ इतके करून घेतात की कुणी बघायला येणार म्हटलं की हात आपोआप सजावटीकडे वळतात. वर्षातून एकदा साहेब येतात, तेव्हाही हेच करतो ना आपण. पण लेसन स्टडीत तयारी केलेली मुलं बघून कळणार काय? मुलं कुठे अडतात ते बघायला अकरा शिक्षक आपापली शाळा सोडून आले आणि मी त्यांना न अडणारी मुलं दाखवली.

ही पद्धत मूळची जपानची. तिथे तिला जुग्यो केंक्यू म्हणतात, म्हणजे सरळ सरळ पाठाचा अभ्यास, आणि ती मेजी काळापासून, १९व्या शतकाच्या शेवटापासून चालत आलीय. बाहेरच्या जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं ते १९९५च्या टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर, त्यात जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ पाठांचं शूटिंग करून तुलना केली होती. करायचं काय तर चार-पाच शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचं आणि मग बसून बोलायचं. ऐकायला सोपंय. आम्ही सगळं एका शिक्षण परिषदेच्या, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या, दुपारी उरकलं होतं, जेवण धरून! तिकडे एका पाठाच्या तयारीला कित्येक आठवडे देतात.

विषय मोघम ठेवला की पाठ गेलाच

आमच्या पहिल्या कागदावर उद्देश लिहिला होता "विद्यार्थ्यांची गणितातील गोडी वाढवणे". आता गोडी मोजायची कशाने? दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो आणि एकच गाठ धरली, वजाबाकीत मधे शून्य आलं की चौथीची मुलं का गडबडतात. तेवढंच. बाकी काही नाही.

मग उदाहरण निवडताना तासभर वाद झाला आणि तो तास सगळ्यात कामाचा ठरला. एक सर म्हणाले ४०२ वजा २०१ द्या, सोपं पडेल. सोपं पडेल हे खरं, पण त्यात कुणी चुकणारच नाही, मग बघायचं काय? शेवटी ४०२ − १७८ ठरलं. या एका उदाहरणात मूल कुठे अडलं ते त्याच्या उत्तरावरूनच कळतं. उत्तर ३७६ आलं तर समजायचं की पोराने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, आठातून दोन, सातातून शून्य. २७४ आलं तर त्याने शतकाकडून थेट एककाला दिलंय आणि दशकातला शून्य तसाच ठेवून पुन्हा उलटं वजा केलंय. ३२४ आलं तर दशक, एकक बरोबर जमवले पण शतक एकने कमी करायचं राहिलं. बरोबर उत्तर २२४. ही यादी पाठाच्या आधी हातात असली पाहिजे, कोणती चूक दिसली तर आपण काय विचारणार हेही शेजारी लिहून. आपण पाठाच्या टाचणात "शिक्षक कृती" रकानाभर लिहितो आणि "विद्यार्थी कृती"त लिहितो "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील". ऐकत नाहीत हो.

पद्धतींचा बुफे

विविध अध्यापन पद्धती वापरा असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात, ते चूक नाहीच, पण आपण त्याचा अर्थ असा घेतो की एकाच तासिकेत गाणं, खेळ, व्हिडिओ, गटकार्य आणि शेवटी नाट्यीकरण सगळं झालं पाहिजे. ३५ मिनिटांत! मुलांना गाणं लक्षात राहतं, वजाबाकी नाही. पद्धत आधी ठरवून तिच्यात घटक कोंबायचा नाही, आधी गाठ बघायची आणि मग ती कशाने सुटेल ते ठरवायचं. कधी कधी साधं फळ्यावर समजावून सांगणंच सगळ्यात चांगलं असतं, आणि "कथन पद्धत" म्हटलं की नाक मुरडायची काही गरज नाही.

गटकार्याचं तर विचारूच नका. सहा जणांच्या गटात एक मुलगी लिहिते, एक जण पेन्सिलींना टोक करतो, दोघं भांडतात आणि बाकीचे खिडकीबाहेर. उपाय अगदी साधा आहे, आधी ३-४ मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वहीत करायचं, मग जोडीत दाखवायचं, मगच गट. एकट्याने काहीतरी केलेलं असलं की बोलायला तरी काही असतं.

साहित्याचीही एक गंमत सांगते. आम्ही काड्यांचे गठ्ठे घेतले होते, शंभराचा गठ्ठा सोडायचा की दहाचे दहा गठ्ठे, त्यातला एक सोडायचा की दहा सुट्ट्या काड्या, म्हणजे ४०२ चे झाले ३ शतक, ९ दशक आणि १२ एकक. खिडकीजवळच्या एका मुलीने हे सगळं जमिनीवर सुरेख केलं, १७८ काड्या बाजूला काढल्या आणि राहिलेल्या मोजून २२४ सांगितलं. मग वही उघडली आणि तीच वजाबाकी आडवी-उभी मांडून लिहिलं ३७६. तिला दोन उत्तरं वेगळी आल्याचं काही वाटलंही नाही, तिच्या लेखी काड्यांचं गणित वेगळं आणि वहीतलं गणित वेगळं. हे मला फळ्याजवळून कधीच दिसलं नसतं, तिच्या शेजारी बसलेल्या मॅडमनी टिपून ठेवलं म्हणून कळलं. पुढच्या वर्गात आम्ही एवढाच बदल केला की एक गठ्ठा सुटला की लगेच वहीत तेवढंच खोडून लिहायचं, दुसरा सुटला की परत लिहायचं. काड्या आधी आणि लिहिणं नंतर असं नाही, दोन्ही बरोबरच.

निरीक्षक कुठे बसले होते?

मागच्या भिंतीला टेकून ना? तिथून मुलांची डोकी दिसतात आणि शिक्षकाचं तोंड. मग नोंदीही तशाच येतात, "आवाज स्पष्ट", "फलकलेखन सुवाच्य", "वर्ग नियंत्रण उत्तम". हा तर तपासणीचा फॉर्म झाला. प्रत्येक निरीक्षकाला दोन किंवा तीन मुलं वाटून द्या, बाजूला बसा, मुलाने काय लिहिलं, काय खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं ते वेळेसकट लिहा. "११.२०, तीन वेळा खोडलं, मग शेजारच्या वहीत बघितलं" ही नोंद दहा "उत्तम"पेक्षा भारी.

आणि कृपा करून मुलांना शिकवायला जाऊ नका. आमच्या एका सरांना राहवेना, हळूच वाकून म्हणाले, अरे शून्याचे नऊ कर ना. झालं, त्या मुलाची नोंद वाया. शिक्षकाचा हात शिवशिवतो हे मान्य, पण त्या ३५ मिनिटांपुरतं गप्प बसायचं.

न आखलेलं बरोबर उत्तर

ही चूक माझ्या अजून मनाला लागून आहे. एका मुलाने काहीच मांडणी न करता २२४ सांगितलं. कसं काढलंस म्हटलं तर म्हणाला, १७८ ला दोन दिले १८०, वीस दिले २००, आता ४०२ ला २०२ लागतात, म्हणून दोन आणि वीस आणि दोनशे दोन. घरी किराणा दुकान आहे, गिऱ्हाइकाला सुट्टे परत देतो तसं त्याने गणित केलं. मी काय केलं? "छान, पण आता आपल्या रीतीने कर" म्हणाले. आपली रीत! अख्ख्या वर्गासमोर ठेवण्यासारखी गोष्ट माझ्या टाचणात नव्हती म्हणून मी ती टाकून दिली. जपानी शिक्षक गणिताच्या तासाला मुलांच्या अशा वेगवेगळ्या रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून वर्गाकडून त्यांची तुलना करून घेतात, आणि शक्यतो तास संपेपर्यंत फळा पुसत नाहीत. आपण अर्धा फळा भरला की डस्टर घेतो. चुकीचं ३७६ तर सगळ्यात आधी पुसतो, खरं म्हणजे ते शेवटपर्यंत राहायला हवं.

चर्चेत दोनच सूर

एक तर "खूप सुंदर पाठ, अभिनंदन मॅडम" आणि चहा. नाहीतर सगळे मिळून पाठ घेणाऱ्याला धुऊन काढतात, मग पुढच्या महिन्यात पाठ घ्यायला कुणी तयार होत नाही. पाठ सगळ्यांनी आखलाय तर "तुमचा पाठ" कशाला म्हणायचं, "आपला पाठ" म्हणा. पहिल्यांदा पाठ घेणाऱ्याने बोलायचं, मग बाकीच्यांनी फक्त नोंदी वाचायच्या, मतं नंतर. केंद्रप्रमुखांनी किंवा डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) तज्ज्ञांनी सगळ्यात शेवटी बोलायचं, कारण ते आधी बोलले की बाकी सगळे "सर म्हणाले तसंच" वर येतात.

द्विशिक्षकी शाळावाले आता म्हणतील आमच्याकडे निरीक्षक आणायचा कुठून. आम्ही एकदा मोबाइलवर केलं. पण कॅमेरा मुलांकडे आणि वहीकडे लावायचा, आपल्याकडे नाही. पालकांना आधी सांगायचं आणि तो व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही. स्टँड नसेल तर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा, फक्त बाटली भरलेली असू द्या, आमची रिकामी होती आणि अर्धा तास पंख्याचंच शूटिंग झालं.